राग कोणत्या रकान्यात लिहायचा?

घरच्या संगीतसंग्रहासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे कोणी विचारले की उत्तर म्हणून बहुधा एक तक्ता पुढे येतो. डावीकडे पाच-सहा नावे, वर गुणांची यादी आणि चौकोनांत बरोबर-चुकीच्या खुणा. मोबाईलवर चालते का? हो. मुखपृष्ठाचे चित्र दिसते का? हो. किंमत किती? फुकट. तक्त्यातली माहिती खोटी नसते. पण ती ज्या प्रश्नांची उत्तरे देते ते प्रश्न दुय्यम असतात, आणि मूळ प्रश्नाला तिथे रकानाच नसतो. आमच्या मते मूळ प्रश्न असा आहे: आपल्याजवळच्या गाण्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, ते सर्व या सॉफ्टवेअरला सांगता येते का? आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले, तर सांगितलेले परत मिळते का?

हिंदुस्थानी संगीताचा, नाट्यसंगीताचा किंवा जुन्या तबकड्यांचा संग्रह असणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न आज खरोखरच आला आहे. कॅसेटी चिकटू लागल्या आहेत, सीडी वाजवणारे यंत्र नव्या संगणकात येत नाही, आणि ज्यांना ‘ही बैठक कोणत्या साली, तबल्यावर कोण’ हे तोंडपाठ होते ती पिढी थकत चालली आहे. ध्वनी संगणकात उतरवणे तुलनेने सोपे. त्याच्यासोबतचे ज्ञान उतरवणे अवघड. म्हणून या लेखात काही प्रचलित सॉफ्टवेअरची समीक्षा आम्ही याच एका अंगाने करणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. सीडीवर ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक वेळी १६ बिटांत आणि दोन वाहिन्यांवर केलेली असते. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट येतात. एका तासाला सुमारे ६३.५ कोटी बाइट. हाच ध्वनी एकही बिट न गमावता ‘फ्लॅक’ या स्वरूपात साठवला, तर साधारण निम्मी ते साठ टक्के जागा लागते. पाचशे सीडींचा संग्रह दोनशे गिगाबाइटच्या आत मावतो, म्हणजे आजच्या अगदी साध्या डिस्कवरही जागा उरते. जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा बारकावा टाकून देणाऱ्या एमपी३ स्वरूपाची घरच्या मूळ प्रतीसाठी आज गरज नाही. त्याचे काम आता फार तर प्रवासातल्या फोनपुरते.

घरातल्या घरात गाणे ‘प्रवाहित’ करायचे म्हणजे काय, तर गच्चीवरची टाकी आणि खोल्यांतले नळ. एका संगणकावर फाइली ठेवायच्या, तो सर्व्हर. फोन, स्वयंपाकघरातला स्पीकर, दुसऱ्या खोलीतला संगणक हे त्याच्याकडे मागणी करतात आणि तो मागेल तेवढे बिट पाठवतो. सेकंदाला चौदा लाख बिट म्हणजे घरच्या वाय-फायला काहीच नाही. यासाठी महाग संगणकही लागत नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सुमारे ५ वॅट वीज घेतो. वर्षभर अखंड चालला तरी ४४ युनिटच्या आत. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप तसाच चालू ठेवला तर ५२५ युनिट होतील. हा हिशेब नववीच्या वर्गात करून घेण्यासारखा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. अमुक सर्व्हरचा ‘आवाज गोड’ असे काही हौशी मंडळी सांगतात. सर्व्हर जर बिट जसेच्या तसे पाठवत असेल, तर त्याचा आवाज असा काही नसतोच. गोडी किंवा कर्कशपणा पुढच्या यंत्रात आणि स्पीकरमध्ये ठरतो. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एक गणिती बेरीज नोंदवून ठेवलेली असते. ती पडताळून पाहिली की एखादा बिट तरी बदलला की काय हे कळते. कानांची साक्ष काढण्याआधी ही साक्ष काढावी.

आता मुद्द्याकडे येऊ. फाइलमध्ये ध्वनीबरोबर एक चिठ्ठी जोडलेली असते. तिला टॅग म्हणतात. सॉफ्टवेअर गाण्याला ओळखते ते या चिठ्ठीवरून. ध्वनी ऐकून नव्हे. ही चिठ्ठी कशी जन्माला आली ते पाहिले, तर आजच्या अनेक अडचणींचे मूळ सापडते. १९९६ साली एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइट जोडण्याची ‘आयडी३’ नावाची पद्धत निघाली. त्यांतले ३ बाइट ‘ही चिठ्ठी आहे’ असे सांगण्यासाठी, ३० शीर्षकासाठी, ३० कलाकारासाठी, ३० अल्बमसाठी, ४ वर्षासाठी, ३० शेऱ्यासाठी आणि १ प्रकारासाठी. बेरीज करून पाहा, बरोबर १२८ भरते. प्रकाराच्या त्या एका बाइटसाठी ८० प्रकारांची यादी ठरवली गेली. तीत रॉकचे आणि नृत्यसंगीताचे कितीतरी पोटभेद होते. ‘क्लासिकल’ होते आणि ‘एथनिक’ही होते. खयाल, ठुमरी, अभंग, लावणी यांना या दोन पेट्यांपैकी एकीत शिरावे लागले.

तीस बाइट म्हणजे किती? रोमन लिपीत तीस अक्षरे. देवनागरीत आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला, म्हणजे व्यंजन, मात्रा आणि हलन्त या प्रत्येकाला, ३ बाइट लागतात. ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ या नावात अशी १८ चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. एकूण ५५ बाइट. जुन्या चिठ्ठीत ते कोंबायचे म्हटले तर ‘मल्लिकार्ज’ इथेच कागद संपतो. नंतरच्या आवृत्त्यांनी ही मर्यादा काढली. १९९९ च्या आवृत्तीत इतर लिप्यांची सोय होती. २००१ साली आलेल्या फ्लॅकमध्ये तर रकान्यांची नावेसुद्धा आपली आपण ठरवता येतात. ‘राग=मारवा’ असे लिहायचे म्हटले तर रकान्याचे नाव तेवढे रोमन अक्षरांत हवे; मूल्य खुशाल देवनागरीत लिहा, लांबीची चिंता नाही.

म्हणजे फाइलच्या बाजूने अडचण वीस वर्षांपूर्वीच सुटली. अडचण उरली ती सॉफ्टवेअरच्या डोक्यात. बहुतेक सॉफ्टवेअर अजून एका झाडाच्या रूपात विचार करतात: कलाकार हे खोड, अल्बम ही फांदी, गाणे हे पान. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या बाजारात हे झाड ठीक उभे राहते, कारण तिथे अल्बम ही खरोखरच कलाकाराने रचलेली वस्तू असते. आपल्याकडे अनेकदा अल्बम म्हणजे कंपनीने दोन-तीन राग एकत्र करून केलेली पुडी. श्रोता ‘मारवा काढ’ म्हणतो, ‘अमुक क्रमांकाची सीडी काढ’ असे म्हणत नाही.

या ठिकाणी शि. रा. रंगनाथन यांची आठवण येते. ते मुळात गणिताचे अध्यापक; १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ड्यूईची १८७६ सालची दशांश पद्धती त्यांना अपुरी वाटली, कारण तीत प्रत्येक पुस्तकाला झाडावरची एक ठरलेली जागा घ्यावी लागते. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात: तयार वस्तू ठेवू नका, सुटे भाग ठेवा, आणि लागेल तशी जोडणी करा. १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. तीत पुस्तकाला एक जागा नसते, अनेक पैलू असतात. विषय, क्रिया, स्थळ, काळ अशा पैलूंची जोडणी करून क्रमांक बनतो. संगीतसंग्रहाला नेमके हेच हवे. गायक, राग, ताल, लय, गानप्रकार, घराणे, साथीदार, स्थळ, वर्ष हे सगळे पैलू. यांतला कोणताही पहिला धरून आत शिरता आले पाहिजे.

नाट्यसंगीताचे उदाहरण घ्या. ‘मानापमान’ हे नाटक १९११ चे, पदे कृ. प्र. खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यातले एखादे पद बालगंधर्वांनी तबकडीवर गायलेले असते, आणि तेच पुढे अनेक गायकांनी मैफलीत गायलेले असते. यात ‘कलाकार’ कोण? ‘अल्बम’ कोणता? सॉफ्टवेअरला एकच नाव हवे असते. ‘कट्यार काळजात घुसली’चे आणखी गमतीचे. १९६७ चे नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचे; २०१५ चा चित्रपट, त्यात शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत आणि सोबत नाटकातली काही पदे. केवळ अल्बमच्या नावावरून गट पाडणारे सॉफ्टवेअर वसंतराव देशपांड्यांना आणि चित्रपटाच्या गायकांना एकाच मुखपृष्ठाखाली आणून बसवते. इलाज साधा आहे: ‘अल्बमचा कलाकार’ आणि वर्ष हे दोन रकाने न विसरता भरणे. पण हे माहीत असावे लागते.

नावांच्या क्रमवारीचाही असाच घोळ आहे. पाश्चात्त्य ग्रंथालयांचा नियम आडनाव आधी लिहिण्याचा. तो यांत्रिकपणे लावला तर अब्दुल करीम, अमीर आणि विलायत हे तिघे ‘खाँ’खाली जमतात, कोणीही त्यांना तिथे शोधत नाही. आणि ‘गंधर्व’ या आडनावाचे एक मोठे कुटुंब तयार होते: बाल, सवाई आणि कुमार. ही आडनावे नव्हेत, पदव्या आहेत. नारायण राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर आणि शिवपुत्र कोमकली ही त्यांची मूळ नावे. टॅगमध्ये ‘क्रमवारीसाठी नाव’ असा वेगळा रकाना असतो. तिथे आपल्या वापराप्रमाणे पहिले नाव आधी ठेवावे आणि ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘पं.’ हे सर्व मुख्य नावातून काढून टाकावे. यात अनादर नाही. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि नुसते ‘भीमसेन जोशी’ अशा तीन व्यक्ती सॉफ्टवेअरने निर्माण करण्यापेक्षा हे बरे.

अकारविल्ह्याबाबत मात्र बहुतेक सॉफ्टवेअर मराठीशी न्याय करत नाहीत. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. केवळ संकेतांकांवर मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मराठी क्रमाची अपेक्षाच करू नये.

आता एकेक सॉफ्टवेअर पाहू. ‘रून’ हे २०१५ साली आलेले, २०२३ पासून हार्मन या कंपनीच्या मालकीचे सॉफ्टवेअर. देखणेपणात आणि संदर्भ जोडण्यात त्याचा हात धरणारे दुसरे नाही: एका वादकाच्या नावावर टिचकी मारली की त्याने जिथे जिथे साथ केली ते सर्व पुढे येते. पैलूंची कल्पना त्याला कळली आहे. पण वर्षाला सुमारे दीडशे डॉलर भरावे लागतात, आणि आपण केलेल्या दुरुस्त्या ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते, फाइलला हात लावत नाही. वर्गणी थांबली की आपली मेहनत त्याच्याकडे राहते. ज्यांच्या संग्रहात बाजारात मिळणाऱ्या पाश्चात्त्य सीडीच आहेत त्यांना हे चालेल. खाजगी बैठकीची नोंद ज्यांनी स्वतः टाईप केली आहे त्यांनी ती तिथे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘प्लेक्स’ मुळात चित्रपटांसाठीचे. त्याचा संगीतासाठीचा प्लेक्सॅम्प हा भाग वापरायला सुखद आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सॉफ्टवेअर बंदिस्त, दुरुस्त्या पुन्हा त्याच्याच डेटाबेसमध्ये, आणि सर्व्हर आपल्या घरात असला तरी खाते मात्र कंपनीकडे. या खात्यांच्या माहितीत शिरकाव झाल्याच्या घटना २०२२ आणि २०२५ साली कंपनीनेच जाहीर केल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये आजीवन वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली. आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असली की भाडे तो ठरवणार.

‘जेलीफिन’ हे याच जातीचे, पण खुले. २०१८ मध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला संकेत बंद केला, तेव्हा काही जणांनी जुन्या खुल्या संकेतावरून हे उभे केले. शाळेत चित्रफिती आणि गाणी दोन्ही एका ठिकाणाहून दाखवायची असतील तर जरूर घ्यावे. संगीत मात्र त्याच्या घरात पाहुण्यासारखे राहते. रागासाठी जागा नाही.

‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ची कथा बोधप्रद आहे. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने स्क्वीझबॉक्स नावाची वाजवणारी यंत्रे आणि त्यांच्यासाठी खुला सर्व्हर बनवला. २००६ साली लॉजिटेकने कंपनी विकत घेतली, २०१२ साली यंत्रे बंद केली, २०२४ साली ऑनलाइन सेवाही थांबवली. एरवी इथे गोष्ट संपली असती. परंतु सर्व्हरचा संकेत खुला असल्याने वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला, त्याच वर्षी त्याला नवे नाव दिले, आणि वीस वर्षांपूर्वीची यंत्रे आजही गातात. घरात अनेक खोल्यांत एकाच वेळी, एकाच लयीत गाणे वाजवायचे असेल तर आजही हेच उत्तम. त्याचा चेहरा जुनाट आहे आणि मांडणी समजायला दोन रविवार लागतात.

यात तुलनेसाठी गूगलची एक सेवा आठवावी. तिथे आपली स्वतःची ५०,००० गाणी चढवून ठेवता येत. २०२० च्या अखेरीस ती बंद झाली आणि ज्यांनी मुदतीत गाणी उतरवून घेतली नाहीत त्यांची गाणी गेली. तबकडी फुटायची तर निदान आवाज तरी व्हायचा.

‘नेव्हिड्रोम’ हे आमच्या पसंतीचे. लहान, खुले, रास्पबेरी पायवर सहज चालणारे. त्याची एक गोष्ट अनेकांना उणीव वाटते: त्यात टॅग दुरुस्त करताच येत नाही. ते फाइल फक्त वाचते. आम्हाला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण त्यामुळे ज्ञान फाइलमध्येच लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आवडीच्या खुणा आणि किती वेळा ऐकले याची मोजणी तेवढी त्याच्याजवळ. ती गेली तर फारसे बिघडत नाही. २०२५ च्या सुरुवातीच्या आवृत्तीपासून एका गाण्याला अनेक कलाकार त्यांच्या भूमिकांसह देता येतात, आणि मांडणीच्या फाइलमध्ये लिहून दिले तर राग-ताल यांसारखे आपले रकानेही ते वाचते. त्यांच्या आधारे आपोआप भरणाऱ्या याद्या करता येतात.

दोष सांगायला हवेत. ही मांडणीची फाइल हाताने लिहावी लागते आणि एका अवतरणचिन्हाची चूक सर्व अडवते. दुसरा दोष अधिक खोल आहे. फोनवरची बहुतेक ॲप नेव्हिड्रोमशी ज्या भाषेत बोलतात ती सबसॉनिक नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरची भाषा आहे. सबसॉनिकने २०१६ साली आपला संकेत बंद केला, पण त्याची भाषा सर्वांची झाली. या भाषेत कलाकार, अल्बम, गाणे, प्रकार एवढेच शब्द आहेत. ‘राग’ हा शब्दच नाही. परिणामी संगणकावर राग साठवलेला असतो पण फोनवर तो दिसत नाही. यावर काही जण राग सरळ ‘प्रकार’ या रकान्यात लिहितात. काम भागते, पण मारवा हा संगीताचा प्रकार नव्हे, आणि पुढे खयाल-ठुमरी कुठे लिहायचे हा प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा राग वेगळ्या रकान्यात ठेवून प्रत्येक रागाची आपोआप भरणारी यादी करावी. याद्या फोनवर दिसतात.

सर्व्हरची गरजच नसेल, एकाच विंडोज संगणकावर ऐकायचे असेल, तर २००२ पासून चालत आलेले ‘फूबार२०००’ पुरेसे आहे. दिसायला रुक्ष, पण कोणताही रकाना दाखवते, त्यावर शोधू देते आणि लिहिलेले फाइलमध्येच लिहिते. शाळेतल्या एका संगणकासाठी आम्ही हेच सुचवू.

टॅग लिहिण्याचे काम वेगळ्या हत्याराने करावे: ‘एमपी३टॅग’ किंवा ‘पिकार्ड’. पिकार्डमागे म्युझिकब्रेन्झ हा खुला माहितीसाठा आहे, आणि त्याला एका फसवणुकीची पार्श्वभूमी आहे. १९९३ पासून सीडींची नावे संगणकाला कळावीत म्हणून हजारो लोकांनी ती फुकट टाईप करून एका सामायिक साठ्यात भरली. पुढे तो साठा एका कंपनीची मालमत्ता झाला आणि परवाना नसलेल्यांना दार बंद झाले. त्याच्या जुन्या प्रतीवर उभा राहिलेला फ्रीडीबी हा साठाही २०२० साली संपला. म्युझिकब्रेन्झने यावरून धडा घेऊन आपली मूळ माहिती सर्वांसाठी मुक्त ठेवली आहे. तिथे हिंदुस्थानी राग-तालांची सोयही आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने, ज्यात मुंबईच्या आयआयटीचाही सहभाग होता, आपल्या संगीताच्या अभ्यासासाठी हाच साठा वापरला. पिकार्ड ध्वनीचा ‘अंगुलिठसा’ काढून ध्वनिमुद्रण ओळखू शकते. मात्र तो ठसा ध्वनिमुद्रणाचा असतो, रागाचा नव्हे. आपल्या आजोबांनी टेप केलेली गणेशोत्सवातली मैफल त्याला कधीच ओळखू येणार नाही. ती आपणच लिहायची.

कसे लिहावे याविषयी थोडे. रागाचे एकच लेखन ठरवून एका कागदावर यादी करावी. ‘मियाँ की तोडी’ आणि ‘मियां की तोडी’ हे सॉफ्टवेअरला दोन राग आहेत. रागाचा प्रहर, थाट ही माहिती प्रत्येक फाइलमध्ये लिहू नये. ती ध्वनिमुद्रणाची नव्हे, रागाची आहे. तिचा वेगळा तक्ता करावा. भातखंड्यांची दहा थाटांची व्यवस्था अशा तक्त्यासाठी तयारच आहे. मारवा, पूरिया, श्री यांपुढे एकदा ‘सूर्यास्त’ लिहिले की त्यावरून संध्याकाळची यादी बनते, आणि प्रहराबाबत मतभेद निघाला तर एका जागी दुरुस्ती पुरते. डेटाबेसच्या पुस्तकात ‘पुनरुक्ती टाळा’ हे तत्त्व ज्या कंटाळवाण्या उदाहरणांनी शिकवतात, त्यांऐवजी अकरावीच्या मुलांना हा तक्ता करायला द्यावा. वर्गात कोणाला रागांची माहिती नसेल तर गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांना बोलवावे.

विलंबित आणि द्रुत खयाल सलग गायलेले असूनही सीडीवर दोन तुकडे असतात. एमपी३ मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या पुड्यांत बांधला जातो, त्यामुळे तुकड्याच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. सॉफ्टवेअरने ती काढली नाही तर तबल्याचा ठेका जोडावर अडखळतो. फ्लॅकमध्ये हा प्रश्न येत नाही. तरीही कोणतेही ॲप ठरवण्यापूर्वी असा एक जोड वाजवून पाहावा, सम चुकली तर ते ॲप बाद.

आणि खरी परीक्षा: दहा फाइली भरून, सजवून झाल्यावर त्या पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात. जेवढे तिथे दिसेल तेवढेच आपले.

हा सगळा खटाटोप परका आहे असे मात्र कोणी मानू नये. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तीन मिनिटांच्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव सांगत. परदेशात तबकडी दाबणाऱ्यांना गायिका कोण ते कळावे, असे त्याचे कारण सांगितले जाते. तो टॅगच होता, ध्वनीत लिहिलेला. त्याहून कितीतरी आधीपासून सदारंगांचे नाव बंदिशीतच गुंफलेले आहे, आणि तुकोबांचे अभंगात. बंदिशीतली ही मुद्रा ऐकून रचनाकाराच्या रकान्यात नाव भरणे हा टॅग लिहिण्यातला सर्वांत आनंदाचा भाग. सॉफ्टवेअर हे काम करत नाही. कान लावून बसावे लागते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लेबलावरचा क्रमांक आणि तबकडीवर उमटलेला साचा-क्रमांक हे दोन्ही टिपून ठेवावेत. एकाच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे ओळखण्याचा तोच भरवशाचा मार्ग असतो. पहिल्यासाठी ‘कॅटलॉग क्रमांक’ हा प्रचलित रकाना आहे. दुसऱ्यासाठी आम्ही पाहिलेल्या एकाही सॉफ्टवेअरमध्ये तयार रकाना नाही. फ्लॅकमध्ये तो आपल्या नावाने उघडावा, आणि लेबलाचे छायाचित्र त्याच फाइलमध्ये मुखपृष्ठ म्हणून जोडावे.